घरचा जमाखर्च : खरकट्याचा हिशेब

हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत घरोघरची साफसफाई उरकलेली असेल. माळ्यावरची ट्रंक खाली येऊन पुन्हा वर गेली असेल, रद्दीवाल्याशी वजनावरून वाद झाला असेल, आणि बोहारीण पाच जुन्या साड्या घेऊन एक पातेले देऊन गेली असेल. त्या पातेल्यात आपण यंदाही फसलो, अशी गृहिणीची दरवर्षीप्रमाणे खात्रीही पटली असेल. आमच्या घरी रंगारी चार दिवसांचे काम नऊ दिवस पुरवून गेला. त्याचे पैसे मोजताना आमच्या मनात आले की, साफसफाई हा आपल्या वहीत खर्च असतो खरा. परंतु रंगाऱ्याच्या, बोहारणीच्या आणि रद्दीवाल्याच्या वहीत तीच जमेच्या बाजूला पडते. एकाचे खरकटे ही दुसऱ्याची मजुरी होय.

आता हेच खरकटे युद्धाचे असले, बॉम्बचे असले, तर? ते कोण घासतो, त्याची मजुरी कोण देतो, आणि घासून झाल्यावर घासणाऱ्यांचे काय होते? दिवाळीच्या दिवसांत हा विषय जरा कडू वाटेल. पण चिरोटे पायाखाली फोडून कडू चव घेतल्यावाचून आपल्याकडे दिवाळी सुरू होते कुठे?

आमच्या गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावर एक आजी राहतात. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, परंतु स्मरणशक्ती आमच्यापेक्षा ताजी. १४ एप्रिल १९४४ रोजी त्या सहा वर्षांच्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास फळीवरचे डबे धडाधड खाली आले आणि सगळी चाळ ‘जपान आला’ म्हणून जिन्यात गोळा झाली. जपान आला नव्हता. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट उडाली होती. कराचीहून १२ तारखेला आलेल्या त्या बोटीत सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि त्याच्या सोबतीला कापसाच्या गासड्या, तेलाची पिपे आणि सोन्याच्या विटा! दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशी पेटत असेल, याची कल्पना करवत नाही. दुपारी दोनच्या सुमारास आग लागली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आतच दुसरा. त्या हादऱ्याची नोंद थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले; १४ एप्रिलला देशभर त्यांचे स्मरण करतात ते त्यामुळेच. एकूण किती माणसे गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात.

स्फोटाची हकिगत अनेकांनी लिहिली आहे. त्यानंतरच्या झाडलोटीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आम्हाला मौज वाटते ती तिची. तेरा बोटी कामातून गेल्या. मांडवी आणि मशीद बंदराच्या बाजूची वखारींची रांगच्या रांग जळाली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य गेले. आणि हे अशा शहरात की जिथे वर्षभरापूर्वीच, १९४३ साली, रेशन सुरू झाले होते. काळा बाजार तेजीत आला हे सांगावयास नकोच. अशा स्थितीत सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला आणि गोद्या पुन्हा चालू केल्या. भागाकार करून पाहा : माणशी बासष्ट टन! सुट्टी धरली नाही, तरी रोजचे तीनशे किलो पडतात. त्यात तुटलेले लोखंड होते, जळका कापूस होता, न फुटलेले गोळे होते आणि न सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या. सोन्याच्या विटा तर पुढेही गाळ उपसताना एकदोनदा हाती लागत, अगदी १९७०च्या दशकापर्यंत.

नुकसानीची जबाबदारी सरकारने उचलली आणि मालमत्तेची भरपाई मागणाऱ्यांना पैसे दिले. आजींचे वडील मांडवीतल्या एका धान्याच्या पेढीवर कारकून होते. पेढीची वखार गेली. मालाची भरपाई पुढे पेढीला मिळाली. परंतु पेढी बंद होती तेवढ्या महिन्यांचा कारकुनाचा पगार हा काही माल नव्हे, तेव्हा तो मालकांच्या हिशेबात कुठेच बसला नाही. मग वडिलांनी काय केले? गोदीत ढिगाऱ्याच्या खेपा मोजायला माणसे हवी होती. तिथे ते लागले. ज्या स्फोटाने नोकरी घालवली, त्याच स्फोटाच्या केरकचऱ्यावर घर चालले. आजींचे हे सांगणे आम्ही पूर्वी नुसतेच ऐकले होते. अमेरिकेतल्या एका गावाची हकिगत वाचली तेव्हा कुठे ते उमगले.

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाचे ठिकाण आहे. १९४३ साली सरकारने तिथली जमीन ताब्यात घेतली. शेतकऱ्यांना घरे सोडायला सुमारे महिनाभराची मुदत मिळाली. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्या मूळ रहिवाशांचाही तोच मार्ग झाला. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जमीन होते, तिच्या अडीचपट हे आवार. तिथे प्लुटोनियम तयार होऊ लागले, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जो बॉम्ब पडला त्यात तेच होते. पुढे शीतयुद्ध आले, अणुभट्ट्या नऊपर्यंत वाढल्या. शेजारची रिचलंड, केनेविक आणि पॅस्को ही तीन गावे या कारखान्यावर पोसली गेली. रिचलंडच्या हायस्कूलच्या खेळाडूंच्या संघाचे नाव ‘बॉम्बर्स’, आणि चिन्ह म्हणून अणुस्फोटाचा ढग! आपल्याकडे गिरणीवरून चाळीचे नाव पडत असे, तसेच हे. फक्त गिरणी वेगळी.

१९८७च्या सुमारास उत्पादन थांबले. गाव बुडणार अशी सर्वांची समजूत झाली. परंतु मागे खरकटे उरले होते आणि ते साधेसुधे नव्हते. जमिनीत पुरलेल्या १७७ टाक्या, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सर्गी गाळ आणि पाणी. काही टाक्या गळलेल्या, भूजल बिघडलेले. १९८९ साली केंद्राची दोन खाती आणि राज्य सरकार यांच्यात सफाईचा करार झाला आणि पाहता पाहता कारखान्याचे गाव मोरी धुणाऱ्यांचे गाव बनले. आज दरसाल सुमारे ३०० कोटी डॉलर तिथे निव्वळ सफाईवर खर्च होतात. दहा हजारांहून अधिक माणसे त्यावर पगार घेतात. इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ, वेल्डर, ड्रायव्हर, अंगावरचे पांढरे कपडे धुणारे, मोजमाप घेणारे, आणि या सर्वांना जेवू घालणारी खानावळ. बॉम्ब तयार होत असताना जी सुबत्ता नव्हती ती बॉम्बचे भांडे घासताना आली, असे तिथे म्हणणारे पुष्कळ असतील.

गोदीतला ढिगारा सात महिन्यांत उपसून झाला. मग हे काम चाळीस वर्षे होत आले तरी संपत का नाही? कारण लोखंड विझते, हे विझत नाही. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे तेज निम्मे व्हायला तीस वर्षांच्या आसपास लागतात. प्लुटोनियमला चोवीस हजार! तेव्हा ते धुऊन टाकता येत नाही, फक्त एका भांड्यातून अधिक पक्क्या भांड्यात हलवता येते. हॅनफर्डचा बेत असा की, टाकीतला गाळ वितळलेल्या काचेत मिसळून त्या काचेचे ठोकळे करावयाचे. तो कारखाना २००२ साली बांधायला घेतला. त्यातल्या कमी तीव्रतेच्या गाळाची पहिली काच २०२५च्या ऑक्टोबरात ओतली गेली. आमचा रंगारी नऊच दिवसांत गेला, तेव्हा त्याच्यावरचा राग आम्ही इथेच मागे घेतो.

मात्र या सुबत्तेला एक ठुसठुसणारे दुखणे आहे. गावाचे पोट राजधानीतल्या एका मतावर अवलंबून राहते. १९९०च्या दशकाच्या मध्याला खर्चाला कात्री लागली तेव्हा हजारो लोक कामावरून कमी झाले, घरांच्या किमती बसल्या. २००९ साली मंदीवर उतारा म्हणून सरकारने एकदम जवळजवळ २०० कोटी डॉलर जास्तीचे ओतले. तोबा भरती झाली. दोन वर्षांनी ते पैसे संपले तशी माणसेही घरी गेली. लहान कारखानदाराची निराळीच रड असते. सफाईच्या कामावर जो पगार मिळतो तो त्याला देता येत नाही, म्हणून चांगला वेल्डर त्याच्याकडे टिकत नाही. आणि सफाईची माणसे सुटतात तेव्हा गावाच्या हाती पैसाच नसल्याने त्याचे दुकानही चालत नाही. शिवाय या कामात शरीर झिजते ते वेगळेच. अणुबॉम्बच्या कारखान्यांतून आजारी पडलेल्या कामगारांना भरपाई देण्यासाठी अमेरिकेला २००० साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

लालबाग-परळच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगारांच्या मागे किती खानावळी, किती पिठाच्या गिरण्या, किती शिंपी आणि किती भजनी मंडळे उभी होती, हे भोंगे थांबल्यावरच कळले. एकाच धन्यावर पोसलेल्या वस्तीला धन्याच्या तब्येतीची जी काळजी असते, ती हॅनफर्डलाही आहे. फरक इतकाच की, तिथल्या धन्याने बरे होऊ नये, अशी एक चोरटी इच्छाही मनात असते. सफाई पूर्ण झाली तर पगार थांबला! जिचे भांडे घासून संपणार, त्या बाईने शेवटच्या पातेल्याला थोडा जास्त वेळ लावला तर तिला दोष कसा द्यावा? कंत्राटदाराला मात्र द्यावा. तिथली बरीचशी कंत्राटे ‘होईल तो खर्च, अधिक फायदा’ अशा बोलीची. अशा बोलीवर आपल्या चाळीचा जिनासुद्धा कुणी वेळेवर दुरुस्त करून देणार नाही.

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेतच आहे. डेन्व्हर शहराबाहेर पंचवीसेक किलोमीटरवर रॉकी फ्लॅट्स नावाचा कारखाना होता. बॉम्बच्या पोटातले प्लुटोनियमचे गोळे तिथे घडत. १९८९ साली त्यांच्याच पोलिसांनी तिथे धाड घातली, कारण कचऱ्याची विल्हेवाट कायद्याला धरून नव्हती. सरकारी कारखान्यावर सरकारी धाड! हे ठिकाण साफ करायला साठ-सत्तर वर्षे आणि ३,६०० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज १९९५ साली निघाला. प्रत्यक्षात २००५ साली, सुमारे ७०० कोटी डॉलरांत, काम आटोपले. ही किमया कशाची? काही अंशी साफ कितपत करावयाचे याचे माप ढिले धरल्याची. जमिनीत खोलवरचे काही तसेच ठेवले गेले, आणि त्यावरून वाद अजूनही मिटलेला नाही. परंतु मोठा भाग कंत्राटाच्या बोलीचा. लवकर आणि स्वस्तात संपवाल तर फायदा वाढेल, अशी ती बोली होती, आणि त्या फायद्यात कामगारांनाही वाटा होता. त्यांनी स्वतःची नोकरी स्वतःच्या हातांनी संपवली आणि तिचा मोबदला घेऊन ते डेन्व्हरला दुसऱ्या कामांवर गेले. हे डेन्व्हर जवळ होते म्हणून जमले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोठ्या शहराच्या कुशीत हजारो माणसे विरघळून जातात. ओसाड मैदानातल्या तीन गावांना ते साधत नाही.

मोठ्या शहराची कूस म्हटल्यावर ट्रॉम्बे आठवणे ओघाने आलेच. दादरहून ट्रॉम्बे हे रॉकी फ्लॅट्स डेन्व्हरला होते त्याहून जवळ आहे. डॉ. होमी भाभांनी १९५४ साली तिथे अणुसंस्था उभी केली. १९५६च्या ऑगस्टात ‘अप्सरा’ चालू झाली, १९६० साली कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’. १९५७पासून ट्रॉम्बेची प्रशिक्षणशाळा निघाली आणि दादर-गिरगावच्या मध्यमवर्गीय घरांतला हुशार मुलगा ‘ट्रॉम्बेला लागला’ की पेढे वाटले जाऊ लागले. सरकारी नोकरी, क्वार्टर्स, पेन्शन, आणि शिवाय शास्त्रज्ञ! स्थळे सांगून येण्यास आणखी काय लागते? परळच्या टाटा रुग्णालयाचा कारभार १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आला, आणि तिथेच ट्रॉम्बेचे किरणोत्सर्ग-औषधोपचाराचे केंद्रही उभे राहिले. गिरण्यांनी परळला जसा पगार दिला तसा ट्रॉम्बेनेही दिला, फक्त गाजावाजा न करता.

सायरसमधून निघालेल्या इंधनाचे प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना ट्रॉम्बेलाच होता. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५च्या जानेवारीत त्याचे उद्‌घाटन झाले. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम सायरसचे. म्हणजे आपल्या शहराच्या पोटात बॉम्बचे भांडे आहे, आणि त्या भांड्याला खरकटेही आहे. यात घाबरून जाण्याजोगे काही नाही. हॅनफर्डपुढे आपला पसारा लहान. शिवाय गाळ काचेत गोठवण्याचे तंत्र आपल्या लोकांनी तारापूरला आणि ट्रॉम्बेला कधीच बसवले आहे. १९७०च्या दशकात तो प्लुटोनियमचा कारखानाही त्यांनी बंद केला, आतून धुऊन काढला, जुनी यंत्रे उतरवली, आणि वाढवून १९८०च्या दशकात पुन्हा चालू केला. किरणोत्सर्गी भांडे घासण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा धडा. तो देणारी माणसे बहुधा चेंबूर-दादरच्या बसने घरी जात असतील आणि बायकोने ‘आज काय केलं?’ विचारल्यावर ‘काही नाही, नेहमीचंच’ म्हणत असतील.

आणखी एक गंमत. त्या खरकट्यातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या ट्रॉम्बेला बनवतात. रक्तपेढीत रुग्णाला देण्याआधी रक्तावर किरण सोडण्याच्या यंत्रात त्या बसतात. बोहारणीने दिलेल्या पातेल्याने जन्मभर साथ द्यावी तसा हा प्रकार झाला.

प्रश्न उरतो तो पैशाचा. अणुवीजकेंद्राच्या विजेत युनिटमागे दोन पैसे, केंद्र पुढेमागे मोडीत काढावे लागेल म्हणून, बाजूला काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोन पैसे पुरतील की नाही यावर वाद घालता येईल; पण निदान गल्ला तरी ठेवला आहे. सायरसने वीज कधी विकली नाही. पन्नास वर्षे चालून ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची बंद झाली, आणि तिच्यासाठी युनिट नाही, म्हणून दोन पैसेही नाहीत. तिची राखण, तिची मोडणी, तिच्या तुकड्यांची सोय, हे सर्व दरसालच्या सरकारी अंदाजपत्रकातूनच यावयाचे. म्हणजे ज्या वर्षी कात्री लागेल त्या वर्षी हॅनफर्डसारखीच पाळी. आमचे म्हणणे इतकेच आहे की, शस्त्राच्या कारखान्याचाही गल्ला आधीपासून वेगळा असावा, आणि कामाची बोली रॉकी फ्लॅट्ससारखी, पण मापात ढिलाई न करता. घासणाऱ्याला लवकर घासण्यात लाभ दिसला पाहिजे. आणि त्याला पुढे कुठे सामावून घेणार, हे काम हाती देतानाच ठरले पाहिजे. ट्रॉम्बेला मुंबईची कूस आहे, हे खरे. पण गिरणी कामगारांना याच कुशीने कितपत सामावून घेतले, हे लालबागच्या टॉवरांखाली उभे राहून विचारावे.

हे सर्व आम्ही आजींना वाचून दाखवले. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या आता बुजवल्या गेल्या, हेही सांगितले. त्यांना त्याचे फारसे काही वाटले नाही. “त्या वर्षीची दिवाळी आम्ही ढिगाऱ्याच्या पैशावर केली,” त्या म्हणाल्या. “साखर रेशनची, त्यामुळे करंज्या मोजक्याच. पण वडिलांचा रोज सुरू होता. दिवाळी झाल्यावर महिनाभरात गोदी साफ झाली. चाळीतल्या लोकांनी पेढे वाटले, बोटी पुन्हा लागणार म्हणून. आई तेवढी पेढा हातात धरून गप्प बसली होती. वडिलांनी मोजायच्या खेपाच संपल्या होत्या ना!”